स्वतःच्या औषधाला परकी

कुमुद,

शोकसभेत आपल्या विभागप्रमुख सरांनी तुला आज्ञाधारक म्हटलं. तुझ्या फोटोला झेंडूचा हार होता, पहिल्या रांगेत तुझे दादा आणि वहिनी बसले होते, आणि सर माईकसमोर उभे राहून सांगत होते की इतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी त्यांना पुन्हा मिळणार नाही. त्याला आता बरेच आठवडे झाले. माझा राग अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही. तू गेल्यावर मला नीट रडतासुद्धा आलं नाही बघ. रडायला बसले की तो शब्द आठवतो आणि डोळे कोरडे होतात.

तू आणि आज्ञाधारक. विभागात आपला पहिला दिवस होता तेव्हा सरांनी आपल्या दोघींना सांगितलं होतं की मुलींनी ॲसिडच्या कपाटाजवळ जाऊ नये, तिथली कामं शिपाई करील. तू लगेच विचारलंस, मग सर, मी रसायनशास्त्र कुठल्या कपाटाजवळ शिकू? आवाज न चढवता, अगदी वेळापत्रक विचारावं तसं. सर हसले, आणि त्या दुपारी कपाटाची किल्ली आपल्या टेबलावर आली. मला तेव्हाच कळलं होतं की या बाईशी आपलं जमणार आणि हिच्याशी आपली भांडणंही होणार. दोन्ही झालं. तू मुलुंडहून यायचीस, मी घाटकोपरहून. टेबल एक, बर्नर एक, डबा बहुतेक वेळा तुझा, कारण माझ्या सासूबाई डब्यात काय घालतात यावर तुझा विश्वास नव्हता.

सुरुवात वहिनींच्या आजारापासून झाली. वहिनींना क्षय निघाला तेव्हा दादांनी त्यांना भांडुपच्या पुढे, कांजूरच्या शेतांकडे तोंड करून असलेल्या त्या धर्मादाय रुग्णालयात ठेवलं. आपण दोघी रविवारी त्यांना भेटायला जायचो. उपचार नवे होते, चांगले होते. एक सुई आणि तिच्या जोडीला एक पांढरी पूड. पूड घेतली नाही तर काही महिन्यांनी सुईचाही उपयोग राहत नाही, हे आपल्याला माहीत होतं. वहिनींनाही डॉक्टरांनी समजावलं होतं. पण ती पूड दिवसभरात मूठ-मूठ खायची असे. कडू, आंबट, घशाला जाळणारी, पोटात गेली की मळमळ आणि मुरडा. वहिनी ती तोंडात घ्यायच्या आणि नर्सची पाठ वळली की खिडकीबाहेर थुंकायच्या. त्या एकट्या नव्हत्या. एका रविवारी तू खिडकीतून वाकून पाहिलंस, तर बायकांच्या वॉर्डाच्या भिंतीलगतचं सगळं गवत पांढरं झालेलं होतं.

मला वाटलं, तू वहिनींना रागावशील. तू त्यांच्या केसांना तेल लावलंस, वेणी घातलीस आणि निघताना औषधाची एक पुडी मागून घेतलीस. सोमवारी प्रयोगशाळेत आलीस ती पांढऱ्याफटक चेहऱ्याने. रविवारी संध्याकाळी तू स्वतः ती पूड खाल्ली होतीस, दिवसाची पूर्ण मात्रा. रोग नसताना. मी तुला वेडी म्हटलं. तू टेबलाला धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "शालू, दोष रोग्यांचा नाहीये. हे खाणं शक्यच नाही. ज्यांनी हे लिहून दिलं त्यांनी एकदा खाऊन बघायला हवं होतं."

त्यानंतर विद्यापीठाने पगार देऊन तुला दिलेला संशोधनाचा विषय मागे पडला. तू त्या पुडीच्या मागे लागलीस. तुला ती अशी हवी होती, की तोंडात चव लागू नये, पोटात सुटू नये, पुढे आतड्यात जाऊन सुटावी. लाखेचा पातळ थर पोटातल्या आम्लाला दाद देत नाही आणि पुढे विरघळतो हे पुस्तकात होतं. पण पूड भुरभुरीत, तिच्यावर थर बसणार कसा? मग तुला चिंचोका सुचला. गिरण्यांत सुताला खळ द्यायला चिंचोक्याचं पीठ पोत्यांनी लागतं, स्वस्त मिळतं. त्याच्या खळीत पूड बांधून तू बारीक दाणे केलेस आणि त्यांच्यावर थर चढवायला घरची परात घेऊन आलीस. संक्रांतीचा काटेरी हलवा तुझ्या हातचा खाल्लेला होता मी. मंद आचेवर परात, त्यात खसखस, वरून चमच्या-चमच्याने पाक आणि सतत हात फिरवत राहायचं. तू तसंच करायला लागलीस, पाकाऐवजी लाखेचं पाणी घेऊन. शिपाई लोक येऊन बघून जायचे. मी हात फिरवायला घेतला की दाणे एकमेकांना चिकटत आणि तू माझ्या हातावर चापट मारायचीस. म्हणायचीस, पीठ मळत नाहीयेस गं, गोंजार त्याला.

किती वेळा फसलं ते. थर जाड झाला की दाणा जसाच्या तसा बाहेर पडायचा, पातळ झाला की पोटातच फुटायचा. पावसाळ्यात तर सगळं दमट होऊन तपकिरी पडलं आणि तू अख्खी बरणी मोरीत ओतलीस. पण पुढच्या हिवाळ्यात ते जमलं. डॉक्टर कर्णिकांनी, म्हणजे त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी, आधी स्वतः खाऊन पाहिलं, मग वहिनींना विचारून त्यांना दिलं. वहिनींनी दाणे तोंडात टाकले, पाणी प्याल्या आणि खिडकीकडे न जाता तशाच बसून राहिल्या. मग शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, मलाही ते द्या.

रोगी त्याला खडीसाखर म्हणायला लागले. रुग्णालयाच्या औषधखोलीत तू शनिवार-रविवार परात घेऊन बसायचीस आणि आठवड्याची खडीसाखर करून ठेवायचीस. वहिनी बऱ्या होऊन घरी आल्या. तुला मी इतकं आनंदात दुसऱ्या कशानेही पाहिलं नाही, आणि त्या आनंदासाठी मी तुझी ऋणी आहे. त्या दिवसांत मीही शास्त्रज्ञ आहे असं मला वाटायचं. एरवी मी फक्त मार्क मिळवलेली बाई होते.

तोवर सर आपल्या टेबलाकडे फिरकले नव्हते. डॉक्टर कर्णिकांनी त्यांच्याकडे तुझी स्तुती केली, तेव्हा ते आले. दाणे तळहातावर घेऊन पाहिले आणि म्हणाले, याचं पेटंट घ्यायला हवं.

इथे आपलं पहिलं मोठं भांडण झालं, आणि ते अजून संपलेलं नाही. माझं म्हणणं सरळ होतं. निबंध लिही, कृती छापून टाक, ज्याला करायचं त्याला करू दे. तुला ते भाबडं वाटलं. मुलुंड स्टेशनपासून तुझ्या घरापर्यंत आपण वाद घालत चालत गेलो, टांगेवाले आपल्याकडे बघत होते. तू म्हणालीस, "उघड्यावर ठेवलेली वस्तू आधी कोण उचलतं, शालू? ज्याचे हात लांब तो. उद्या बाहेरची कंपनी यात थोडा फेरफार करील, आपल्या नावावर घेईल आणि आपल्यालाच विकेल." मी विचारलं, मग कुलूप लावून किल्ली सरांच्या खिशात द्यायची? तू थांबलीस, पदर खोचलास आणि मला समजावलंस. किल्ली सरांकडे नाही, विद्यापीठाकडे जाणार होती. विद्यापीठ म्हणजे आपणच. आता राज्य आपलं आहे, माणसं आपली आहेत. विद्यापीठ दहा छोट्या कारखान्यांना परवाना देईल आणि गावोगावी खडीसाखर पोचेल. तसा सरांनी तुला शब्द दिला होता.

देश स्वतंत्र होऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. तुझं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं, हे मी आज रागात असूनही कबूल करते. लांब हातांबद्दल तू बरोबर होतीस. ते हात कुठल्या बाहीतून निघतील, एवढंच तुला कळलं नाही.

अर्जावर दोन नावं गेली. पहिलं सरांचं, दुसरं तुझं. माझं नव्हतं आणि असायला नकोच होतं, काम तुझं होतं. पण सरांनी त्यात काय केलं होतं हे मी तुला विचारलं, तेव्हा तू म्हणालीस की छप्पर त्यांचं आहे. छप्पर विद्यापीठाचं आहे, मी म्हटलं. त्या इंग्रजी मसुद्यात परातीचं वर्णन 'उथळ, गोल, धातूचं पात्र' असं आलं होतं आणि गोंजारण्याला 'मंद वर्तुळाकार चलन'. ते वाचून आपण इतक्या हसलो की शिपाई दार लोटून बघून गेला. मग तू दोन सह्या केल्यास. एक शोध आपला आहे अशी आणि लगेच तिच्याखाली, त्यावरचे सगळे हक्क विद्यापीठाला दिले अशी. दुसरी सही करताना तू हसतच होतीस.

पेटंट मिळालं. पेढे वाटले गेले. घाटकोपरचे कांतिलालभाई, ज्यांचा गोळ्या-मलमांचा छोटा कारखाना माझ्या घराच्या मागच्या गल्लीत आहे, ते परवान्यासाठी विद्यापीठात खेटे घालायला लागले. लवकरच होईल असं त्यांना सांगण्यात आलं आणि त्या भरवशावर त्यांनी मोठी फिरती कढई करून घेतली, थोडा माल करून रुग्णालयाला जवळजवळ खर्चाच्या भावात दिलाही. तुझे शनिवार-रविवार मोकळे झाले. आपण दोघी त्या कारखान्यात गेलो होतो, आठवतं? कढई फिरत होती, दाणे खळखळत होते, आणि कांतिलालभाई त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत तुला परत परत विचारत होते, बेन, बराबर होते ना? तू कढईत हात घालून दाणे चाचपलेस आणि मान हलवलीस.

मग कळलं की विद्यापीठाने पेटंटचे सगळे हक्क एकाच मोठ्या कंपनीला देऊन टाकले. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, उद्या हे पत्र छापायचं म्हटलं तर त्या नावासकट कोणी छापणार नाही. ही कंपनी क्षयाची तीच पूड बाहेरून आणते, तांदळाच्या पिठाच्या पातळ पापुद्र्यात बांधून डबीत भरते आणि ज्यांना परवडते त्यांना विकते. ती डबी खपायची असेल तर बाजारात स्वस्त खडीसाखर असून कशी चालेल? त्यांनी तुझं पेटंट घेतलं आणि एकही दाणा केला नाही. करायचाच नव्हता. तुझ्या शोधाला त्यांनी तसंच ठेवलं जसं भांडकुदळ सासू सुनेचे दागिने ठेवते. स्वतः घालायचे नाहीत आणि तिलाही घालू द्यायचे नाहीत.

कांतिलालभाईंना वकिलाची नोटीस आली. पाठोपाठ रुग्णालयाला. कर्णिकांनी ती तुझ्यापुढे ठेवली. रुग्णालयाच्या आवारात सदर दाणे तयार करणं, साठवणं, वाटणं ताबडतोब बंद करावं, नाहीतर खटला. तू म्हणालीस, कारखान्याचं बंद झालं तर पुन्हा मी हाताने करीन. कर्णिकांनी मान खाली घातली. त्यांनी वकिलाला विचारून घेतलं होतं. तूसुद्धा करू शकत नव्हतीस. हक्क सही करून देणारी तू तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी आपण सरांच्या खोलीत गेलो. तू मला बोलू नकोस असं बजावलं होतंस, म्हणून मी खुर्चीच्या हाताला धरून बसले. सरांनी चहा मागवला. तू शांतपणे सांगितलंस की विद्यापीठाने कंपनीला एवढंच विचारावं, धर्मादाय रुग्णालयांना स्वतःपुरतं करू द्या. बाजार तुमचा, वॉर्ड आमचा. सर म्हणाले की करार पूर्ण हक्कांचा आहे. नव्या प्रयोगशाळेच्या इमारतीला कंपनीने मदत कबूल केली आहे, अशा वेळी असलं काही काढणं शोभणार नाही. संस्था भावनेवर चालवता येत नाहीत.

तू म्हणालीस, "पण सर, ते मी केलंय."

"केलं तुम्हीच, कुमुदबाई, त्यात वादच नाही," सर म्हणाले. "पण आता ते तुमचं नाही. कायद्याने बघाल तर त्या औषधाला तुम्ही परक्या आहात."

त्यांनी ते दुष्टपणाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते प्रेमाने म्हटलं, लेकीला लग्नानंतर माहेर आपलं राहत नाही असं समजवावं तसं. आणि तू चहा संपवलास, कप बशीत ठेवलास आणि म्हणालीस, बरं सर. त्या 'बरं सर'मुळे त्यांनी शोकसभेत तुला आज्ञाधारक म्हटलं असणार. बाहेर जिन्यावर तू कठड्याला धरून उभी राहिलीस, पूड खाल्लेल्या त्या सोमवारसारखीच पांढरी. मी काही बोलणार तोच तू म्हणालीस, आत्ता नको.

मी तुझ्यावरही चिडले आहे, कुमुद. हे तुला जिवंतपणी मी दहादा सांगितलं, आता अकराव्यांदा सांगते. तू ओरडायला हवं होतंस. वर्तमानपत्रात लिहायला हवं होतंस. तू म्हणायचीस, कायदा चुकीचा नाही, माणसं चुकली. मी म्हणायचे, ज्या कायद्यात औषध करणाऱ्या बाईला औषध करायला बंदी घालता येते त्याला चुकीचा नाही तर काय म्हणायचं? तू म्हणायचीस, तोच कायदा माझ्या हातात असता तर मी त्याने उलट केलं असतं. असं तासन्तास.

रुग्णालयात पूड परत सुरू झाली. बायकांच्या वॉर्डात लक्ष्मीबाई होती, देवगडकडची, नवरा गिरणीत. ती वहिनींनंतर त्याच खाटेवर आली होती आणि खडीसाखरेवर तिचा चेहरा भरत चालला होता. आपण गेलो की तुला हाक मारून विचारायची, "बाय, तुजी खडीसाखर कधी येतली गो?" तू प्रत्येक वेळी सांगायचीस, येईल. तिने पूड घ्यायचा प्रयत्न केला, खोटं नाही बोलणार. पण ओकून ओकून तिने अन्नच सोडलं, मग पूड सोडली. गणपती व्हायच्या आत ती गेली. मी म्हटलं, तिला कंपनीने मारलं. तू माझ्यावर तेव्हा भडकलीस. एका रोग्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, तिचं दुसरं फुफ्फुसही बिघडलेलं होतं, ती तशीही गेली असती की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. तुझ्या तोंडून ते शास्त्र ऐकताना मला तुझा इतका राग आला की मी टांगा करून एकटी स्टेशनवर निघून गेले. पुढच्या रविवारी वहिनींनी मला सांगितलं की तू त्या आठवड्यात नीट जेवली नव्हतीस.

तुझं भांडण तू तुझ्या पद्धतीने करत होतीस. तू दुसरी कृती शोधायला बसलीस, जिच्यात लाख नाही, चिंचोका नाही, त्या पेटंटातला एक शब्द नाही. आणि विद्यापीठाच्या छपराखाली नाही, मुलुंडच्या तुझ्या स्वयंपाकघरात, रविवारी, स्वतः आणलेल्या सामानावर. म्हणजे पुन्हा कोणी छपराचा मुद्दा काढू नये. मला हाताशी घेतलंस. मेण आणि वनस्पती तुपाचा कडक भाग एकत्र वितळवून त्यात पूड घोळायची आणि गार होता होता दाणे पाडायचे. पोट तुपाला फारसं हात लावत नाही, ते पुढे आतड्यात पचतं, एवढंच तत्त्व. वहिनी दारात बसून तांदूळ निवडायच्या आणि घर मेणबत्तीच्या कारखान्यासारखं वास मारतं म्हणून कुरकुरायच्या. या वेळी मी हात फिरवला तरी दाणे चिकटत नव्हते. तू ते बघून म्हणालीस की कृती आता कोणालाही जमेल एवढी सोपी झाली.

ती जमल्यावर आपण परत तिथेच येऊन थांबलो. मी म्हटलं, आता तरी छाप. तू म्हणालीस, आता पेटंट माझ्या एकटीच्या नावावर घेईन आणि मग सगळ्यांना फुकट वापरू देईन. कुलूप हवंच, पण किल्ली माझ्याकडे. अर्जाचा मसुदा तू करायला घेतलास. मी तुला चिडवलं की तुला कागदावर स्वतःचं नाव बघायची हौस आहे. तू न लाजता म्हणालीस, आहेच. का नसावी?

मग कावीळ झाली. आधी तू ती अंगावर काढलीस, मेणाच्या धुराने मळमळतं म्हणून सांगत राहिलीस. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा दादांनी तुला रुग्णालयात नेलं. मी रोज दुपारी येत होते. शुद्धीत असलीस की तू मेणाचं प्रमाण थोडं कमी कर म्हणायचीस, उन्हाळ्यात दाणे मऊ पडू नयेत म्हणून ठीक आहे, पण थंडीत एवढं मेण लागत नाही, उगाच दाणा उशिरा सुटेल. एकदा म्हणालीस, बरी झाले की अर्ज भरू. मी म्हटलं, भरू. आपल्या सगळ्या ओळखीत मी तुझं म्हणणं वाद न घालता मान्य केलं ते तेवढं एकदाच, आणि तुला ते खटकलं. तू माझ्याकडे जरा रोखून बघितलंस. बहुधा तेव्हाच तुला समजलं असावं की डॉक्टर बाहेर आम्हाला काय सांगत होते.

आता शोकसभेबद्दल सांगते, कारण तू ऐकायला हवंस. कंपनीचा एक माणूस आला होता, हार घेऊन. सर म्हणाले की ते पेटंट हेच तुझं जिवंत स्मारक आहे. मी उठले. मला बोलायला सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, हे स्मारक कपाटात बंद आहे, एक दाणा त्यातून बाहेर आलेला नाही, आणि कुमुदने हाताने केलेले दाणे थांबवायला वकील पाठवणारे गृहस्थ आज हार घेऊन आले आहेत. डॉक्टर कर्णिक मागून म्हणाले, खरं आहे. बाकी सगळे पंख्याकडे बघत होते. कोणीतरी आभारप्रदर्शन सुरू केलं.

खाली जिन्याजवळ सरांनी मला गाठलं. रागावले नव्हते. म्हणाले, दुःखात माणूस बोलून जातो. मग आवाज खाली आणून विचारलं की कुमुदबाई घरी काही नवं करत होत्या असं कानावर आलं आहे, ते तुमच्याकडे असेल. विद्यापीठ अर्ज करील, त्यांच्या नावाने. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तू गेल्याचं दुःख त्यांना होतं, खरंच होतं, डोळे ओले होते. आणि ओल्या डोळ्यांनी ते मागत होते.

मी मुलुंडला गेले. दादांना सांगितलं की वारस म्हणून तुम्ही अर्ज करू शकता, मी सगळं लिहून देईन. पण सर म्हणतील की ती विद्यापीठाची नोकर होती, तिचं काम आमचं. मग भांडावं लागेल. दादा ऑफिसातून नुकतेच आले होते, कोटसुद्धा काढला नव्हता. म्हणाले, शालूताई, मला कोर्टाची पायरी चढवू नका. वहिनी मात्र चिडल्या. म्हणाल्या, "तिला तो कागद हवा होता. तिच्या एकटीच्या नावाचा. आयुष्यभर तुम्ही तिच्याशी वाद घातलात, आता ती उत्तर देऊ शकत नाही तर तुमचंच खरं करणार का?"

बोलल्या ते लागलं. मी घरी येऊन किती दिवस त्यावर विचार केला. तुझी बाजू घेऊन स्वतःशी भांडले, तुझ्या आवाजात, तुझे मुद्दे घेऊन. तुझे मुद्दे मला तुझ्याइतकेच पाठ आहेत. पण तुझी सगळी बाजू एका गोष्टीवर उभी होती, किल्ली तुझ्याकडे राहील यावर. आणि तूच राहिली नाहीस. आता किल्ली जाईल ती सरांकडे, आणि सरांकडून कुठे जाते ते आपण पाहिलं आहे.

म्हणून मी छापून टाकलं. औषधं तयार करणाऱ्यांचं जे छोटं मासिक निघतं, त्याच्या संपादकांना मी सगळी कृती लिहून दिली. मेण किती, तूप किती, आच किती, दाणे कसे पाडायचे, आणि थंडीसाठी मेण कमी करायचं तेही. परवा अंक आला. एकदा छापलं की ते सगळ्यांसमोर आलं, आता त्यावर पेटंट कोणालाच घेता येणार नाही. सरांना नाही, कंपनीला नाही, आणि कुमुद, तुलाही नाही. तुला हवं होतं ते मी केलेलं नाही हे मला ठाऊक आहे. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. कांतिलालभाईंनी कढईखाली आच लावली आहे आणि कर्णिकांच्या वॉर्डात पहिली बरणी गेली आहे. पण कंपनी गप्प बसणार नाही, हेही आमच्याच दाण्यांची नक्कल आहे असं म्हणेल, वकील पाठवेल, असं कांतिलालभाई रोज सांगतात.

लेखावर दोन नावं आहेत. पहिलं तुझं. माझं मी काढून टाकणार होते, पण मग ठेवलं. नोटीस आली तर ती सही करून घ्यायला कोणीतरी जिवंत हवं, आणि मी तुझ्यासारखी 'बरं सर' म्हणणार नाही.

तुझी,
शालू